वीटभट्टीवर नव्याने आलेली लहान मुले अंगणवाडीत बोलतच नाहीत. त्यांना मराठी कशी शिकवावी?

ताई, आपण लिहिले आहे की दिवाळीनंतर गावालगतच्या वीटभट्टीवर छत्तीसगडमधून काही कुटुंबे आली, त्यांची तीन-चार वर्षांची मुले अंगणवाडीत येऊन बसतात, पण तोंड उघडत नाहीत. त्यांना लवकर मराठी यावी म्हणून काय करावे, असा आपला प्रश्न आहे. मी गोंदिया जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून काम केले असून, त्या आधारावर माझे उत्तर असे की मराठीची घाई आधी सोडून द्यावी. या वयाच्या मुलाला नव्या गावात सर्वप्रथम ओळखीचे माणूस, ठरलेला दिनक्रम आणि पोटभर खाणे लागते. भाषा त्यानंतर येते आणि बहुधा न शिकवताच येते.

परक्या भाषेत येऊन पडलेले मूल काही आठवडे, कधी काही महिनेही गप्प राहते. ते मंद नसते की हट्टीही नसते. आपण ताट आणायला सांगितल्यावर इतरांचे पाहून का होईना ते ताट आणत असेल, गाण्याच्या वेळी ओठ न हलवता हात हलवत असेल, तर ते शिकत आहे असे समजावे आणि सर्वांसमोर उभे करून त्याला नाव विचारू नये. शंका आलीच तर आईला विचारावे की घरी, आपल्या भाषेत, ते नीट बोलते का. बोलत असेल तर थांबावे. घरीही बोलत नसेल किंवा आवाजाकडे मान वळवत नसेल, तर मात्र थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारे, पथक अंगणवाडीत येते तेव्हा ते मूल आवर्जून दाखवावे आणि पथक यायला अजून अवकाश असेल तर आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. हातापायांना सूज येऊन वारंवार रडणारे, फिकट दिसणारे मूल असल्यास सिकलसेल या रक्ताच्या अनुवांशिक आजाराची तपासणीही करून घ्यावी, कारण हा आजार पूर्व विदर्भात आहे तसाच छत्तीसगडमध्येही आहे, आणि आपण ज्याला रडवे म्हणून बाजूला बसवतो ते मूल प्रत्यक्षात वेदनेत असू शकते.

आईवडिलांना ‘घरीही मराठीच बोला’ असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. स्वतःलाच न येणाऱ्या भाषेत आई मुलाशी चार शब्द बोलेल. तिच्या छत्तीसगडीत ती गोष्ट सांगेल, रागावेल, समजावेल, आणि मुलाची समज त्या भरपूर बोलण्यावरच वाढते. गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेली बंगाली कुटुंबे वसली, तर आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. या वस्त्यांत घरची भाषा टिकली आणि बाहेरच्या भाषाही आल्या. एकीमुळे दुसरी अडली नाही.

अंगणवाडीत रोजचा क्रम शक्यतो बदलू नये, म्हणजे भाषा न कळणाऱ्या मुलालाही पुढे काय होणार हे कळते. तहान, भूक, शी-शू, दुखणे आणि आई यांसाठीचे छत्तीसगडी शब्द आपण आणि मदतनीसताईंनी आईकडून विचारून घ्यावेत. गावातले एखादे बोलके, प्रेमळ मूल त्याच्याजवळ बसवावे. खेळाच्या ओघात ते जे शिकवेल, ते भिंतीवरचे तक्ते शिकवू शकणार नाहीत (तसेही ते तक्ते आपण मुलांपेक्षा भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीच लावतो). घर सोडल्यामुळे काही मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात किंवा आईला चिकटून राहतात. त्यांना लाजवू नये, पहिले काही दिवस आईला किंवा आजीला थोडा वेळ सोबत बसू द्यावे. आठ-नऊ वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येत असेल तर तिला दुभाषी म्हणून रोज थांबवून घेणे सोयीचे वाटते, परंतु तिची जागा शाळेत आहे. तिच्याविषयी मुख्याध्यापकांशी त्याच आठवड्यात बोलावे.

कागदांचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. कुटुंब परराज्यातले आहे म्हणून आहार नाकारता येत नाही. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला पूरक आहार मिळायला हवा, आणि मुलाचे आधार नसले तरी आईच्या आधारवर पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये नोंद होते. मूळ गावी नाव आधीच असेल तर स्थलांतराची नोंद करण्यासाठी पर्यवेक्षिकेची मदत घ्यावी. पहिल्याच आठवड्यात वजन, उंची आणि दंडघेर घ्यावा, दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते मूल तीव्र कुपोषित समजून त्याच दिवशी आशाताईंना कळवावे. लसीकरणाचे कार्ड बहुधा गावीच राहिलेले असते. तेथील सेविकेचा दूरध्वनी क्रमांक मिळवून विचारावे, विशेषतः नवव्या महिन्याची आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यानची गोवर-रुबेला लस झाली का हे पाहावे.

भट्टीवर पहाटेपासून विटा पाडल्या जातात, त्यामुळे आईला भेटायचे तर सायंकाळी खोपटीवरच जावे लागते. जाण्यापूर्वी मुकादमाला कळवले तर पुढचे बरेच अडथळे टळतात. पावसाळ्याआधी ही कुटुंबे परततील, तेव्हा वजनाच्या व लसींच्या नोंदी कार्डावर पूर्ण लिहून आईच्या हाती द्याव्यात आणि तिकडच्या सेविकेला एक फोन करून ठेवावा.