परकर आतला की बाहेरचा?

प्रश्न असा आलाय: लेकीला गुढीपाडव्यासाठी परकर-पोलकं घ्यायचं म्हणून ऑनलाइन 'परकर' शोधलं तर सगळे साडीखालचे पेटीकोटच आले, सासूबाई म्हणतात बरोबरच आहे, परकर म्हणजे आतलंच, आणि आई म्हणते आम्ही शाळेत परकर घालूनच जायचो, तो काय आतला होता का? मग खरं कोण? आणि परकर आणि घागरा एकच का? आणि परकर नेसायचा की घालायचा?

दोघीही खऱ्या. पण आईचा अर्थ आधीचा असणार असं मला वाटतं, का ते सांगतो.

नऊवारी काष्टा घालून नेसतात, तिच्या आत परकर घालायची सोयच नाही आणि गरजही नाही. म्हणजे घरातल्या सगळ्या बायका लुगड्यात असायच्या त्या काळी परकर नेसायच्या त्या फक्त पोरी, आणि तो वरून दिसणारा, मिरवायचा कपडा. म्हणून तर 'परकरी पोर' हा शब्दप्रयोग झाला, म्हणजे अजून लुगड्यात न गेलेली मुलगी. आता हाच शब्द 'पेटीकोटातली पोर' असा करून बघा, किती विचित्र वाटतं! पुढे पाचवारी गोल साडी आली, तिला निऱ्या खोचायला कमरेला नाडी लागते, मग तोच चुण्यांचा, नाडीचा कपडा साडीच्या आत गेला आणि जाताना नावही घेऊन गेला. बाहेर पोरींच्या अंगावर फ्रॉक आणि स्कर्ट आले, त्यामुळे शब्दाचा बाहेरचा अर्थ पातळ होत गेला आणि एकदोन पिढ्यांना परकर म्हणजे दोरीवर टॉवेलच्या मागे वाळत घालायची वस्तू एवढंच माहीत राहिलं.

गंमत म्हणजे इंग्रजी पेटीकोटनेही असाच प्रवास केलाय, फक्त जास्त वळणं घेत. मूळ शब्द 'पेटी कोट', म्हणजे छोटा कोट, आणि तो आधी चक्क पुरुष आत घालायचे. मग तो बायकांचा घेरदार झगा झाला, अठराव्या शतकात तर वरचा गाऊन पुढून उघडा ठेवून आतला पेटीकोट मुद्दाम दाखवायची फॅशन होती, आणि नंतर तो पुन्हा आत गेला. स्कर्टचंही तसंच, स्कर्ट आणि शर्ट हे मुळात एकाच घरातले शब्द, एक नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेच्या बाजूने आला आणि एक जुन्या इंग्रजीतून, आणि एक कमरेखाली गेला न् एक वर राहिला. हिंदी-बंगालीत पेटीकोटला साया म्हणतात तो पोर्तुगीज 'साइया', आणि तिकडे त्याचा अर्थ साधा बाहेरचा स्कर्ट! तेव्हा आतलं-बाहेरचं यावरून कपड्याच्या नावाची जात ठरवायला जाऊ नये.

आता परकर कुठून आला. मला पटतं ते संस्कृत परिकर. परिकर म्हणजे कमरेला बांधायचं वस्त्र, कमरबंद. तुम्ही म्हणाल हा शब्द कुठे ऐकलाय, तर भाषणात 'आम्ही बद्धपरिकर आहोत' म्हणतात ना, त्यातलाच. म्हणजे कंबर कसून तयार. पुढारी स्टेजवर परकर बांधून उभे आहेत असं एकदा डोक्यात आलं की पुढचं भाषण ऐकू येत नाही, हा स्वानुभव. तर परिकर मधला 'रि' बोलण्यात घासून परकर होणं अगदी सहज आहे आणि अर्थही जुळतो, या कपड्याचा जीव कमरेतच असतो, नेफा आणि नाडी. काही जण फारसी 'परकार' शी जोडतात, म्हणजे वर्तुळ काढायचा कंपास, कारण काय तर परकर गोल फिरतो. ऐकायला भारी आहे, पण ज्याने कधी परकर शिवताना बघितलाय तो हे म्हणणार नाही.

कारण परकरात गोल काहीच नसतं! तो उसवून जमिनीवर पसरा, सरळ आयत मिळेल. सहा-सात वर्षांच्या मुलीची कंबर धरा 22 इंच, कापड अडीच मीटर म्हणजे साधारण 98 इंच, ते सगळं चुण्या घालून त्या 22 इंचात बसवायचं, चौपटीच्या वर. घेर येतो तो या चुण्यांमुळे, कापण्यामुळे नाही. आणि कापड आडवं धरायचं, म्हणजे काठ आपोआप घोट्यापाशी येतो, साडीसारखा अखंड. म्हणून तर आईचं विरलेलं लुगडं असेल तर त्याचा धड राहिलेला भाग काठासकट पोरीच्या परकराला जायचा, वाया काहीच नाही. शिवाय वाढत्या अंगाचा शिवायचा, खाली काठाच्या वर आतून एक मोठी दुमड घालून ठेवायची, पोर उंच झाली की ती उसवायची. माझ्या मावशीच्या जुन्या परकरावर अशा दोन उसवलेल्या रेघा होत्या, तिथलं कापड बाकीच्यापेक्षा गडद, न विटलेलं. दोन वर्षांची उंची त्या दोन पट्ट्यांत मोजता येत होती.

घागऱ्याचा कट वेगळा असू शकतो, आणि शब्दही वेगळ्या घरातला. कळीदार घागऱ्यात वर अरुंद खाली रुंद अशा कळ्या कापून जोडतात, खालची कड वळते, म्हणून काठ सरळ येत नाही, तो वेगळा लावावा लागतो. अंब्रेला कट तर पुरा गोलच. (चुण्यांचे घागरेही असतात, त्यामुळे ही काही दगडावरची रेघ नाही.) शब्दाचं म्हणाल तर घागरा जुना आहे, हेमचंद्र या जैन पंडिताच्या 12व्या शतकातल्या देशीनाममाला या शब्दकोशात घग्घर हे कमरेखालच्या वस्त्राचं नाव म्हणून येतं. संस्कृतात घर्घर म्हणजे घरघर, खुळखुळ असा आवाज, आणि घर्घरी म्हणजे लहान घुंगरांचा कमरपट्टा. मराठीत ती घुंगरं अजून शाबूत आहेत, दरवर्षी गणपतीत आपण 'चरणी घागरिया' म्हणतो ना, त्या या घागऱ्या, पायातल्या. लहानपणी मला वाटायचं गणपतीने घागरा घातलाय आणि कोणीच कसं काही बोलत नाही!

नेसायचा की घालायचा हेही विचारलंय. नेसणे हे क्रियापद मुळात कमरेखालच्या कपड्याचं, साडी नेसतात, धोतर नेसतात, लुंगीही नेसतात. त्या न्यायाने परकर नेसायचा, आणि जुन्या बायका तसंच म्हणतात. पण पोलकं घालतात, ते कोणी नेसत नाही, मग 'परकर-पोलकं' हा जोड शब्द आला की आपसूक 'घातलं' येतं. मला दोन्ही चालतात, फक्त 'परकर वेअर केला' म्हणू नका एवढंच मागणं आहे.

आता परत आलेल्या परकराबद्दल. गेल्या दहाएक वर्षांत खणाचं जे वेड आलंय त्यानेच हा शब्द बाहेर काढला. खण हे मुळात चोळीचं कापड, बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचं प्रसिद्ध, अरुंद पन्ह्याचं म्हणजे रुंदीला कमी, दोन्ही बाजूंना काठ, बारीक बुट्टी, म्हणून चोळखण. खणाची साडी हा अलीकडचा शोध आहे, आजीला विचाराल तर ती हसेल. पण लहान मुलीच्या परकराला हा पन्हा मस्त बसतो, कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप त्यात निघतं आणि काठ खाली तयारच मिळतो. त्यामुळे पाडव्याच्या शोभायात्रेत, मंगळागौरीला छोट्या पोरी पुन्हा परकरात दिसायला लागल्या, मोठ्या बायकाही खणाचा लांब स्कर्ट घालतात, फक्त त्याला परकर म्हणायला लाजतात, कारण सासूबाईंचा अर्थ डोक्यात बसलाय. दुकानदार तर सरळ 'लेहंगा चोली' लिहून मोकळे होतात. मी पण भाचीसाठी एका ऑनलाइन दुकानातून 'पारंपरिक परकर' म्हणून मागवला होता, आला तो अंब्रेला कट, आत घेर फुगवणारी कॅनकॅन जाळी, खाली लेसचा काठ चिकटवलेला, पोरगी दहा मिनिटांत पाय खाजवत रडायला लागली.

तेव्हा शोधताना नुसतं परकर टाकू नका, 'परकर-पोलकं' असं जोडून टाका, पेटीकोट बऱ्यापैकी गळतील. आणि जवळ शिवून देणारं कोणी असेल तर दोन-अडीच मीटर खण घेऊन जा आणि सांगा की चुण्यांचा हवाय, कळ्यांचा नको, काठ कापायचा नाही, आणि खाली दुमड ठेवा चार बोटं.