कोथरूडचं भाड्याचं घर सोडताना ब्रॉडबँड बंद केलं, कंपनी आता 2,000 रुपये ‘कॅन्सलेशन चार्ज’ मागतेय. भरावेच लागतील का?

नाही, सही केलेल्या अर्जात किंवा प्लॅनच्या अटींत हा चार्ज नसेल तर भरू नका. आधी कस्टमर केअरकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या. नुसतं फोनवर भांडून काही होत नाही, पुढे सगळीकडे तो नंबरच विचारतात. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांनुसार, उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं, निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. तरीही अडलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, नाहीतर पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. मात्र राऊटर परत दिल्याची पावती नसेल, तर त्याचे पैसे कंपनी मागू शकते.