'लिव्ह्ड एक्सपिरियन्स ऑफ रेस'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न असा आलाय की एका इंग्रजी लेखाचं मराठी करताना 'लिव्ह्ड एक्सपिरियन्स ऑफ रेस'साठी 'वंशाचा जगलेला अनुभव' असं लिहिलंय पण कानाला खटकतंय, दुसरं काही सुचतंय का, आणि विषय समाजशास्त्राचा असताना मूळ लेखात तत्त्वज्ञान कशाला घुसडलंय.

खटकणारच हो. मराठीत अनुभव येतो, घेतात, गाठीशी असतो, पण अनुभव कुणी 'जगत' नाही. तरी ते 'लिव्ह्ड' उगाच चिकटवलेलं नाहीये. जर्मनमध्ये अनुभवाला दोन शब्द आहेत, 'एरफारुंग' म्हणजे हळूहळू साठणारा, माणूस ज्यातून शहाणा होतो तो, आणि 'एरलेबनिस' म्हणजे ज्याच्यावर गुदरतंय त्याला आतून जे जाणवतं ते. हे दुसरं फ्रेंचमध्ये 'एक्सपेरियान्स व्हेक्यू'.

फ्रान्झ फॅनननं (काळा मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक, जन्म कॅरिबियनमधल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावरचा, १९२५) आपल्या १९५२च्या 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' या फ्रेंच पुस्तकात एका प्रकरणाच्या नावातच हा शब्द वापरला, काळ्या माणसाचा 'एक्सपेरियान्स व्हेक्यू'. आणि १९६७च्या इंग्रजी भाषांतरात त्याचं झालं काय, तर 'द फॅक्ट ऑफ ब्लॅकनेस'! काळेपण ही वस्तुस्थिती, डोंगर-नदीसारखी, असलं काही तो म्हणतच नव्हता. २००८च्या नव्या भाषांतरात ते सुधारलं, पण मधली चाळीस वर्षं इंग्रजी वाचणारे 'फॅक्ट'च वाचत होते.

तत्त्वज्ञान कशाला, त्याचं उत्तर याच प्रकरणात आहे. फॅनन आधी अगदी साधी गोष्ट सांगतो, सिगरेट ओढायचीय, पाकीट टेबलाच्या त्या टोकाला आहे, काडेपेटी डावीकडच्या ड्रॉवरमध्ये, मग उजवा हात लांबवायचा, जरा मागे रेलायचं, हे सगळं माणूस विचार न करता करतो कारण शरीराला स्वतःचा अंदाज असतो. हा विचार मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या वळणाचा, फॅननने ल्योंमध्ये वैद्यकी शिकताना त्याची व्याख्यानं ऐकली होती. पण मर्लो-पाँतीच्या हिशेबात कातडीचा रंग कुठेच नाही. फॅननला बघून एक गोरं पोर ओरडतं, आई बघ तो काळा, मला भीती वाटते (मूळ शब्द याहून अपमानकारक आहे), आणि तो शरीराचा अंदाजच कोसळतो. आता तो स्वतःलाही बाहेरूनच दिसायला लागतो, अंगावर एकट्याचं नाही तर पूर्वजांचं आणि नरभक्षकांच्या गोष्टींचं ओझं, ट्रेनमध्ये त्याच्या शेजारी एक नाही, दोन-तीन जागा रिकाम्या. किती जणांना घर नाकारलं, नोकरी नाकारली हे समाजशास्त्र मोजेल आणि ते मोजायलाच हवं, पण त्या क्षणी हाताला, चालीला, नजरेला काय होतं ते सांगायला ही भाषा लागते.

आता मराठीचं. 'वंश' म्हटलं की आपल्याला वंशावळ आणि वंशाचा दिवा आठवतो, आणि 'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्य मागोमाग येतंच, 'वर्णद्वेष' पेपरांत रुळलाय तेवढा ठीक. फॅननपुरतं 'काळेपण' चांगलं. 'भोगलेलं' हा शब्द दलित आत्मकथनांमुळे आपल्यात मुरलाय आणि मोहही तोच होतो, पण त्याला 'भोग आहेत बाबा नशिबाचे' असा वास येतो, फॅनन तर नशिबाचं नावच काढू देणार नाही.

मला 'वाट्याला येणं' सगळ्यात जवळचं वाटतं. वाटा कुणीतरी दुसराच करतो ना! राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू आणि तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांच्या २०१२च्या इंग्रजी पुस्तकात अनुभव आणि सिद्धांत यावर मोठा वाद आहे, त्यातला सरुक्काईंचा एक मुद्दा इथे कामाचा, की 'लिव्ह्ड' अनुभव तोच जो आपण निवडलेला नसतो आणि ज्यातून मनात आलं म्हणून उठून जाता येत नाही. हौसेनं चार दिवस वस्तीत राहून आलेल्याचा अनुभव यात बसत नाही.

तेव्हा शीर्षकाला 'वाट्याला आलेलं काळेपण' आणि लेखात जिथे वाक्य लांबेल तिथे सरळ 'काळा माणूस म्हणून जगताना' लिहा, 'जगलेला अनुभव' मात्र खोडाच.