प्रयोगशाळा नसलेल्या प्राथमिक शाळेत विज्ञान कसं शिकवावं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत चौथी ते सातवीला विज्ञान शिकवता, प्रयोगशाळा नाही, मुलं व्याख्या पाठ करून पेपरात उतरवतात. काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी याच भागात मराठी शाळेत शिकवलं आहे. माझं ठाम मत आहे की साहित्याची वाट बघत न बसता मुलांना मोजायला लावा.

सुरुवात सावलीपासून करा. मैदानात ओळंबा धरून काठी रोवा, जमिनीवर बरोबर एक मीटर राहील अशी. अकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. बाराला सावली सगळ्यात आखूड, असं मुलं आधीच सांगतील. आपल्याकडे ती साडेबाराच्या सुमारास होते, महिन्यानुसार पंधरा मिनिटं मागंपुढं. कारण देशाचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं आणि आपण 74.5 च्या आसपास. अंशाला चार मिनिटांचा फरक. हा हिशेब सातवीची मुलं स्वतः करतात, करू द्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ऊन पडलं तर अजिबात सोडू नका: दुपारची सावली दक्षिणेला पडते! डिसेंबरच्या शेवटी तीच उत्तरेला, 80 सेंटीमीटरच्या पुढं. ऋतूंचा धडा त्यानंतर घ्या. आधी घेतलात तर पुन्हा पाठांतरच.

पावसाळ्यात सरळ बाजूंच्या डब्यात रोज पाऊस मोजा. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडं कुणाचे मामा-मावशी असतील, पूर्वेला कोरड्या भागातल्या सौंदत्तीकडं असतील, त्यांनाही तसाच डबा ठेवायला सांगून फोनवर आकडे घ्या. मलप्रभा नदी घाटमाथ्यावर उगम पावून कोरड्या मुलखात जाते, हे मग नकाशावर दाखवावं लागत नाही.

पाणी उकळण्याचा प्रयोग मात्र तुम्ही स्वतः करा, मुलांनी लांबून आकडा वाचायचा. पुस्तकात 100 अंश आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेसहाशे-सातशे मीटर उंच, त्यामुळं 98 च्या आसपासच उकळतं. धीट मूल 98 लिहील, बाकीची पुस्तकातला आकडा लिहितील. त्या 98 वर लाल रेघ मारू नका; उलट त्या मुलालाच फळ्याजवळ बोलवा आणि उंचीचा विषय तिथून काढा.

एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत एवढी एकच वस्तू मागा: 110 अंशांपर्यंतचा, लाल द्रवाचा थर्मामीटर. तापाचा वापरू नका, उकळत्या पाण्यात तो फुटतो.