ज्याची वायर, त्याची बातमी

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो की लातुरातल्या एका लोकल केबल चॅनलचं बातमीपत्र मी बरीच वर्षं चालवलं. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकतो.

केबल नव्हतं तेव्हा मराठवाड्याच्या बातम्या टीव्हीवर दिसायच्या का? आणि हे लोकल चॅनल आलं कुठून?
*– एक शिक्षिका, उदगीर*

बाई, दिसायच्या, पण क्वचित. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. आमच्याकडं टीव्ही पोचायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. पुढं अंबाजोगाईच्या टॉवरकडं अँटेना फिरवून आम्ही बसू लागलो. सातच्या बातम्यांना प्रदीप भिडे यांचा आवाज आला की गल्लीत गडबड थांबायची. पण त्या बातम्यांत आपण कधी? दुष्काळ पडला, मंत्र्यांचा दौरा झाला, नाहीतर नामांतराचं आंदोलन पेटलं तर. रोजचं सुखदुःख कळायचं ते औरंगाबाद आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांतून आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून.

लोकल चॅनल कुणी ठरवून काढलं नाही. १९९१च्या आखाती युद्धानंतर डिशचं वेड आलं, १९९२च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला आणि गल्लोगल्ली केबलवाले झाले. प्रत्येकाकडं गच्चीवर डिश, खाली एक खोली. तिला कंट्रोल रूम म्हणायचं. तिथं एक व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट लावायचं यंत्र, असायचा, त्यावर दिवसाला दोन-तीन पिक्चर लागायचे. पिक्चरच्या मध्ये साडीच्या दुकानाची जाहिरात आली. मग गणपतीची मिरवणूक दाखवली, लोकांनी स्वतःला बघितलं आणि केबलवाल्याला घरी बोलावून चहा पाजला. तिथून बातम्यांपर्यंत यायला वेळ लागला नाही. कॅमेरे लग्नाचे होते. लग्नसराई संपली की शूटिंगवाले मोकळेच असायचे.

१९९५ला केबलचा कायदा आला. नोंदणी कुठं करायची? हेड पोस्ट ऑफिसात, पाचशे रुपये भरून. आजच्या पोरांना हे सांगितलं की हसतात. दूरदर्शन दाखवणं सक्तीचं झालं, काय दाखवायचं नाही त्याची कार्यक्रम संहिता आली आणि ती मोडली तर कारवाईचा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत अशा अधिकाऱ्यांकडं गेला. पोस्टमास्तरांनी मात्र आम्हाला बातम्यांविषयी कधी काही विचारलं नाही.

त्याआधी, ३० सप्टेंबर १९९३ला, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री विसर्जन होतं. मिरवणुका टिपून शूटिंगवाले नुकते आडवे झाले होते, त्यातले काही कॅमेरा खांद्यावर टाकून तसेच औशाच्या रस्त्याला लागले. आमचं बातमीपत्र तेव्हा सुरू झालेलं नव्हतं. लग्नाच्या कॅमेऱ्यानं माणूस काय काय टिपू शकतो, हे तेव्हा कळलं. आमचे पहिले कॅमेरामन त्यांच्यातलेच.

रोजचं बातमीपत्र प्रत्यक्षात तयार कसं व्हायचं? आमच्या कोर्समध्ये हे कुणी सांगत नाही.
*– पत्रकारितेचा विद्यार्थी, नांदेड*

कसं सांगतील? कॉम्प्युटर नव्हता तेव्हाची गोष्ट आहे. दोन व्हीसीआर शेजारी ठेवायचे. एकात शूटिंगची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. पहिल्यात हवं ते दृश्य शोधून पॉज, दुसऱ्यात रेकॉर्ड लावून पॉज, आणि दोन्हीकडची बटणं एका दमात सोडायची. टेपला वेग घ्यायला क्षणभर लागतो, तो हिशेब हाताच्या अंगठ्यात बसलेला असायचा. नाही बसला की दोन दृश्यांच्या मध्ये पडदा हिरवा-जांभळा व्हायचा. अख्ख्या गावाला तो झटका दिसायचा आणि सकाळी पानटपरीवर त्याबद्दल ऐकून घ्यावं लागायचं. एखादी बातमी मधूनच काढायची झाली तर तिच्या पुढचं सगळं परत जोडायचं. म्हणून जी बातमी ऐनवेळी पडण्याची शक्यता, ती मी शेवटाला ठेवायचो. यात तंत्रापेक्षा गावची ओळख जास्त लागायची. आवाज मागाहून भरायचा. त्यासाठी खोलीच्या भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या, तरी रिक्षाचा हॉर्न यायचाच.

लातूरच्या मधोमध गंजगोलाई, म्हणजे गोल बाजारपेठ आहे, तिला सोळा रस्ते फुटतात. आमची वायर त्यातल्या काहींवरच होती, बाकीच्यांवर दुसऱ्या केबलवाल्यांच्या. ज्यांच्याशी बोलणं झालेलं, त्यांच्या कंट्रोल रूमला कॅसेटची कॉपी सायकलवरून जायची. कॉपीची कॉपी झाली की निवेदिकेचं तोंड धुरकट व्हायचं. औशाला जाणारी कॅसेट एस.टी.च्या कंडक्टरकडं द्यायचो. त्यांच्या बातम्या आमच्यानंतर दीड तासानं लागायच्या आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

लोडशेडिंगच्या वर्षांत तर वेळापत्रक आम्ही नाही, वीज मंडळानं ठरवलं. आठच्या बातम्या रात्री दहाला आणि सकाळी सातला परत लावायच्या, म्हणजे ज्या भागाच्या विजेच्या लाइनीला (फीडरला) तेव्हा लाइट नव्हती त्यांना मिळतील. त्यातही एक गंमत होती. खांबावरचा बूस्टर, म्हणजे वायरीतला सिग्नल पुढं जोरात ढकलणारा डबा, कुणाच्या तरी घरातून वीज घ्यायचा. त्या घरची लाइट गेली की पुढच्या गल्लीत लाइट असूनही पडद्यावर मुंग्या. बूस्टर ज्याच्या घरी त्याला केबल फुकट असायचं आणि तो माणूस गल्लीत आमदारासारखा वागायचा.

आणि बातम्यांचा क्रम. पुस्तकात तुम्हाला शिकवतील की सगळ्यात मोठी बातमी आधी. आमच्याकडं एका बाईंनी फोन करून सांगितलं, "दादा, आमच्या गल्लीचं पाणी कधी हाय ते आदी सांगा, मंत्र्याचं मागून सांगा. मला झोपायचंय." त्या दिवसापासून नळाचं वेळापत्रक पहिलं. त्यानंतर कोण वारलं, अंत्यविधी किती वाजता. मग बाजार समितीतले तूर-सोयाबीनचे भाव. ते ऐकण्यासाठी आडत्यांची दुकानं उशिरा बंद व्हायची. राजकारण त्याच्या खाली. नगरसेवक नाराज असायचे, पण त्यांच्याही घरी पाणी आठवड्यानंतरच यायचं.

बातम्या देणाऱ्या मुलींना पगार किती होता?
*– एक वाचक, अहमदपूर*

पगार म्हणण्यासारखा नव्हता, रिक्षाचं भाडं निघून थोडं उरायचं. बहुतेक कॉलेजात शिकणाऱ्या. वडिलांची अट एकच असायची, पोरगी साडेआठच्या आत घरी पाहिजे. म्हणून 'थेट' वाटणाऱ्या आमच्या आठच्या बातम्या सहालाच रेकॉर्ड झालेल्या असायच्या. साडी दुकानदाराची, शेवटी पट्टीत त्याचं नाव. इस्त्री करून ती सकाळी परत जायची आणि दुकानात विकलीही जायची. गिऱ्हाइकं मागायचीच तशी, "कालच्या बातम्यांतली दाखवा."

ईटीव्ही आणि मग चोवीस तासांची चॅनलं आली म्हणून लोकल चॅनलं संपली, असं आमचे सर म्हणतात. खरं आहे का?
*– एक वाचक, परभणी*

सरांचं म्हणणं मला पटत नाही. ईटीव्ही मराठी ९ जुलै २०००ला सुरू झालं, हैदराबादहून. लातूरला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. आमच्याकडच्या पोरांना तिथं स्ट्रिंगरचं, म्हणजे पगाराऐवजी बातमीमागं पैसे घेणाऱ्या बातमीदाराचं, काम मिळालं. कॅसेट रात्रीच्या बसनं पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी आपल्या तालुक्याचं नाव राज्यभर ऐकायचं. जिल्ह्याच्या बातमीला त्यांनी किंमत आणली, हे मान्यच केलं पाहिजे. २००७मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आले, तेव्हा स्ट्रिंगरच्या हातात एकाऐवजी तीन-तीन बूम, म्हणजे चॅनलचं नाव लावलेले माइक, दिसू लागले. पैसे बातमीमागं, बातमी लागली तर. पेट्रोल पदरचं.

पण त्यांचं आणि आमचं गिऱ्हाईक वेगळं होतं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर ओबी व्हॅनची, म्हणजे चॅनलांच्या थेट प्रक्षेपणाच्या गाड्यांची रांग, प्रत्येक जण टाकीसमोर उभा राहून बोलतोय. देशाला ती बातमी होती आणि ती दाखवलीच पाहिजे. गावात त्याआधीच पाण्याच्या ठिकाणी गर्दी-भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागलेली. लोकांना पाहिजे होतं एवढंच, की आमच्या प्रभागात टँकर कधी येणार. ते कुठल्या व्हॅनवाल्यानं सांगितलं नाही, आणि तो त्याचा दोषही नाही.

लोकल चॅनल गेलं ते वायरीमुळं. सुरुवातीपासून दुखणं तिथंच होतं. बातमी आमची, पण घरात पोचवणारी वायर केबलवाल्याची. एकदा रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी तयार होती, खडी हातानं उकरून दाखवली होती. ठेकेदार निघाला वायरवाल्याचा मेहुणा. सात पन्नासला फोन आला. ती बातमी शेवटाला होती म्हणून बाकीचं बातमीपत्र वाचलं. दोन केबलवाल्यांची जुंपली की रात्रीत खांबावरच्या वायरी कापल्या जायच्या आणि अर्ध्या गावाला बातम्याच नसायच्या. निवडणुकीत तर विचारू नका. २००४ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की टीव्ही-केबलवरची राजकीय जाहिरात आधी तपासून घ्यायची. समितीकडं कागद न्यायचे, शिक्का आणायचा. मग उमेदवारांचं डोकं चाललं. जाहिरात नको, 'बातमी'च करा म्हणायला लागले. ती बातमी लावायची की नाही, याचं उत्तर माझ्या टेबलावर नाही, कंट्रोल रूममध्ये ठरायचं.

शेवटचा घाव डिजिटलचा. औरंगाबादला सेट टॉप बॉक्सची मुदत ३१ मार्च २०१३ होती. आमच्यासारख्या शहरांना ती नंतर आली. जुन्या पद्धतीत एक व्हीसीआर आणि त्याचं चित्र वायरीवर चढवणारा एक मॉड्युलेटर एवढ्यावर चॅनल लागायचं. नव्यात सगळी चॅनलं मोठ्या कंपनीच्या यंत्रणेतून बंदिस्त होऊन येतात. आपलं चॅनल त्यात घालायचं तर जागा मागायची, तिचे महिन्याचे पैसे भरायचे. साडीवाला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्यावर तो खर्च निघेना. गल्लीतला केबलवाला मोठ्या कंपनीचा वसुलीवाला झाला. आमच्या कंट्रोल रूमच्या जागी आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे.

यूट्यूबवर हल्ली तालुक्या-तालुक्याची चॅनलं आहेत, मी बघतोही. त्यांना वायर लागत नाही, ही मोठी सोय. फक्त नळाची वेळ त्यांच्यात कुणी सांगत नाही, कारण तिला व्ह्यूज नाहीत.

आमचं जुनं गाव भूकंपात गेलं. त्या काळच्या लोकल बातम्यांच्या कॅसेट कुठं मिळतील? घरी चुलत्याच्या लग्नाची १९९२ची एक कॅसेट आहे, ती चालेल का?
*– एक वाचक, किल्लारी परिसर*

बातम्यांच्या शोधात फिरू नका. कोरी कॅसेट महाग म्हणून आजच्या बातम्यांवर उद्याच्या रेकॉर्ड व्हायच्या, टेपवर रेघा दिसू लागेपर्यंत. आमच्याकडचंही फार थोडं उरलंय. तुमची ती लग्नाची कॅसेट जास्त मोलाची आहे. वरातीच्या मागं जुनं गाव दिसत असेल, दगड-मातीची घरं, वेस, पार. पुनर्वसनानंतर गाव दुसरीकडं गेलं, आता ते बघायला दुसरी जागा नाही.

म्हणून घाई करा, पण व्हीसीआरमध्ये लगेच घालू नका. कॅसेटच्या काचेतून रीळ बघा. कडेला पांढुरकी बुरशी दिसली तर घालूच नका. टेप तुटेल आणि मशीनमधून बुरशी दुसऱ्या कॅसेटला लागेल. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. कॅसेटच्या मागच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडलेला नसेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. पूर्ण गुंडाळून, उभी ठेवा, पत्र्याच्या खोलीत नको.

स्टुडिओवाल्याला स्पष्ट सांगा, पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे तसं उतरवून दे. ते कापाकापी करतात आणि वर नवीन गाणं चढवतात. मूळ आवाज जाऊ देऊ नका, त्यात गावची माणसं बोलत असतात. फाइलच्या दोन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा आणि मूळ कॅसेट त्याच दिवशी परत मागून घ्या. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून दाखवा आणि किती मिनिटाला कोण दिसतंय, कुणाचं घर दिसतंय, हे वहीत लिहून काढा.