लिगेतीचे ‘सहा बॅगाटेल्स’ (छोट्या, हलक्याफुलक्या रचना) मुळात विंड क्विंटेटसाठीच, म्हणजे पाच फुंकवाद्यांच्या संचासाठीच लिहिलेत का?

नाही, मुळात ते पियानोसाठी होते. हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेतीने बुडापेस्टमधे असताना १९५१ ते ५३ मधे ‘मुझिका रिचेरकाता’ नावाचे ११ छोटे पीस लिहिले, पहिल्यात फक्त दोन स्वर, मग प्रत्येक पीसमधे एकेक वाढवत शेवटच्यात सगळे १२, आणि त्यातलेच सहा (३, ५, ७, ८, ९, १०) त्याने १९५३ मधे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न नि बासून या पाच वाद्यांसाठी बसवले. म्हणून तर पहिला बॅगाटेल सा, दोन्ही गंधार आणि पंचम एवढ्या चारच स्वरांवर चालतो, तरी कंटाळा येत नाही, उलट भलताच खोडकर वाटतो! पाचवा हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकच्या आठवणीत आहे. सहावा फारच बेसूर म्हणून १९५६ ला बुडापेस्टमधे वाजवू दिला नाही, पाचच वाजले, पूर्ण संच पुढे १९६९ मधे स्वीडनमधे वाजला. फक्त एक लक्षात ठेवा, त्याचे १९६८ चे ‘दहा पीसेस’ पण याच पाच वाद्यांसाठी आहेत पण ते वेगळे, ते थेट क्विंटेटसाठीच लिहिलेले आणि ऐकायला बरेच अवघड, तेव्हा सुरुवात बॅगाटेल्सपासूनच करा.