भज्यांचं पीठ जाळीतून गळलं

प्रश्न: ताई, माझं वय ६८. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ओट्याशी पंधरा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. घरात मी एकटीच. मुलाने एअर फ्रायर आणून दिला, सुनेने विजेवरचा राइस कुकर. फ्रायरमध्ये कांदाभजी करायला गेले, तर पीठ जाळीतून खाली गळलं आणि वर नुसता कांदा उरला. कुकरमध्ये खिचडीची फोडणी घातली, तर बटण आपोआप वर उडालं. ही यंत्रं माझ्या कामाची आहेत का, की परत देऊन टाकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: परत देऊ नका, काकू. दोघांची कामं तेवढी बदला. तुमच्या घरात पहिला मान राइस कुकरचा. सुनेने नेमकं ओळखलंय.

आधी तो ओट्यावरून उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवा. माझ्या आईचा घोटा मोडला होता तेव्हा आम्ही हेच केलं. खुर्चीत बसून ती तांदूळ धुवायची, गाजर-मटार निवडायची आणि तिथेच बटण दाबायची. पाण्यासाठी उठावं लागायचं, तेव्हा शेजारी भरलेली कळशी ठेवली. तीन महिने ती स्वतःचं जेवण स्वतः करत होती, आणि त्याचं तिला केवढं समाधान होतं!

आता बटणाचं. भांड्याच्या तळाला तापमान ओळखणारी चकती टेकलेली असते. आत पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या आसपास राहतो. पाणी आटलं की तो आणखी तापतो आणि बटण उडतं. तुम्ही कोरड्या भांड्यात तेल तापवलंत, म्हणून ते लगेच उडालं. कुकर बिघडलेला नाही. फोडणी शेवटी करा, कढल्यात, गॅसवर. दोन मिनिटांचं काम आहे. एकटीसाठी अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, हळद, हिंग, मीठ आणि अडीच वाट्या पाणी घ्या, मऊ खिचडी होते. भांडं निम्म्याच्या वर भरू नका, डाळीचा फेस झाकणातून उतू येतो.

फ्रायर म्हणजे पंखा बसवलेली छोटी भट्टी. कढईत भजं चहूबाजूंनी गरम तेलात पडतं, म्हणून पीठ क्षणात धरतं. गरम हवेला तेवढी घाई जमत नाही, तोवर पातळ पीठ ओघळून जातं. म्हणून जे आधीच घट्ट आहे ते त्यात द्या. वाफवलेल्या कोथिंबीर वड्या, अळूवड्या काप करून, तेलाचं बोट फिरवून १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवा, मधे एकदा उलटा. भेंडीच्या कुरकुरीत काचऱ्याही छान होतात. भरतासाठी वांग्याला टोचे मारून, तेल लावून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. मऊ होतं, पण विस्तवावरचा धुरकट वास येत नाही; मला त्या भरतात काहीतरी कमीच वाटतं. पापड सुटा ठेवू नका, पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तापत्या कॉइलला चिकटतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. टेबलाजवळचं सॉकेट मोबाइल चार्जिंगचं, लहान म्हणजे ६ अँपिअरचं असेल. त्याला साधारण १३०० वॅटपर्यंतचंच ओझं झेपतं. छोटा राइस कुकर बहुधा ७०० वॅटच्या आसपास असतो, तो तिथे चालेल. फ्रायर बहुतेक १४००-१५०० वॅटचा असतो. त्याला गिझर-फ्रीजसाठी असतं तसं मोठं, १६ अँपिअरचं सॉकेट हवं. दोन्हींच्या खालचा आकडा नातवंडांकडून वाचून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. आमच्याकडे एकदा बोर्डात लावलेली पिन वितळली होती, जळका वास आला म्हणून वेळेवर कळलं. टेबलाजवळ मोठं सॉकेट नसेल तर वायरमन बोलावून बसवून घ्या. मुलाला पुढची भेट हीच द्यायला सांगा.

आणि भजी कढईतच. नातवंडं आली की तुम्ही बसून पीठ भिजवा, कांदा चिरून मीठ लावून ठेवा. तळायला मुलगा उभा राहील.